चौथा पुकारा: बाबांबरोबर इलिनॉयच्या एका जुन्या कोर्टात

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये ज्यांचे आईवडील भारतातून येतात, त्यांच्यासाठी एक ठरलेला अभ्यासक्रम आहे. शिकागोत तळ्याकाठी फोटो, एक मोठा मॉल, नायगारा आणि गुडघे साथ देत असतील तर वॉशिंग्टन. बाबांना येऊन दोन महिने झाले तरी आमची गाडी मॉलच्या पुढे सरकली नव्हती. शेवटी मीच विषय काढला. "बाबा, नायगाराचं बुकिंग करू का? थंडी पडली की कॅन्सल करावं लागेल."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नायगारा टीव्हीत पाह्यला. मले जजसाहेबाच्या गावाले ने."

मी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मला हे अपेक्षित होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. ते जजसाहेब कोण हे आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. पांढरा सदरा, खांद्यावरून लाल पट्टा, त्यावर घासून चकचकीत केलेला पितळी बिल्ला. कामं पन्नास, पण गावाला माहीत होतं ते एकच, पुकारा. खटल्याची पाळी आली की व्हरांड्यात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा ओरडायचं. तीन हाकांत माणूस आला नाही तर साहेब 'गैरहजर' लिहून दावा खारीज करायला मोकळे. बाबांचा आवाज असा, की एसटी स्टँडवर चहा पिणारा पक्षकार कप तसाच टाकून पळत सुटायचा.

एका वर्षी कोर्टातली जुनी कागदपत्रं आणि पुस्तकं रद्दीत निघाली. त्यात कव्हर नसलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "घेऊन जा, इंग्रजी सुधारेल." ते निघालं इलिनॉय राज्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या एका न्यायाधीशाचं आत्मचरित्र. अमेरिकेतून आमच्या तालुक्यात ते कसं आलं, हे कोडं आजवर सुटलेलं नाही. बाबांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज अर्धं पान, असं करत ते सहा वर्षांत वाचून संपवलं. रविवारी विहारात जमलेल्या मंडळींना ते त्यातली गोष्ट सांगायचे, आणि घरी आम्हाला तीच पुन्हा ऐकावी लागायची.

त्यामुळे जजसाहेबांचं चरित्र मला शाळेतल्या इतिहासापेक्षा जास्त पाठ आहे. गरीब शेतकऱ्याचं पोर. तराफ्यावर बसून नदीतून पश्चिमेला आलं. दिवसा जोडे शिवले आणि मधल्या वेळात उसनी कायद्याची पुस्तकं वाचली. वकील झाल्यावर घोड्यावरून गावोगावची कोर्टं केली, धर्मशाळेत एका खाटेवर दोन-दोन वकील झोपले. मग राज्याच्या विधिमंडळात दोनदा निवडून जाऊन शाळांसाठी भांडले. आणि शेवटी न्यायाधीश.

पण बाबांचा जीव अडकला होता तो नवव्या प्रकरणात. हॅना नावाची एक काळी धोबीण. तिची लहान मुलगी एका बड्या शेतकऱ्याने कामाच्या कराराखाली आपल्याकडे डांबून ठेवलेली. मुलगी परत मिळावी म्हणून हॅनाने अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी तीनदा नाव पुकारलं, हॅना आली नाही. समोरचा वकील उठला, अर्ज खारीज करा म्हणाला. जजसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, रात्रभर पाऊस पडला होता, आणि पुकारणाऱ्याला म्हणाले, चौथ्यांदा हाक मार. चौथ्या हाकेला हॅना दारात उभी. ओढ्याला पूर होता, कमरेपर्यंत भिजलेली. तिला मुलगी मिळाली.

हे वाचल्यावर बाबांनी कोणालाही न विचारता चौथा पुकारा सुरू केला. व्हरांडा उतरून, लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन, हापशीकडे तोंड करून एक जादा हाक. त्या एका हाकेने धापा टाकत येणाऱ्या म्हाताऱ्या मी शाळेतून येताना पाहिल्या आहेत. बऱ्याच साहेबांनी कानाडोळा केला. एका नव्या साहेबांनी मात्र मेमो दिला आणि वेतनवाढ रोखली. मी तेव्हा दहावीत होते. ट्यूशन बंद झाली, आणि मी बाबांवर ओरडले होते, "एका पुस्तकापायी?" बाबा फक्त म्हणाले होते, "पुस्तकापायी नाई. बाई आली होती म्हणून." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही, आणि माझं ओरडणंही.

तर असे ते जजसाहेब. इंटरनेटवर शोधलं, तर त्यांच्या गावात जुन्या कोर्टाचं छोटं म्युझियम आहे असं निघालं. बाबांची परतीची फ्लाइट दोन आठवड्यांवर होती, गुडघे बघता पुन्हा येतील असं वाटत नव्हतं. ऑफिसात गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो.

गुरुवार

नेपरव्हिलहून नैर्ऋत्येला साधारण तीन तास. पहिली वीस मिनिटं ट्रॅफिक, मग जे मक्याचं राज्य सुरू होतं ते संपतच नाही. कापणी चालू होती, शेतात यंत्रांमागे धुळीचे लोट. हायवेवर टोल फारसा लागत नाही, पण पेट्रोल शहराबाहेर पडल्यावर भरा, बरंच स्वस्त मिळतं. डब्यात पोळ्या आणि जवसाची चटणी होती. रेस्ट एरियाच्या बाकावर आम्ही ती खाल्ली. बाबा एवढ्या सपाट जमिनीकडे बघून म्हणाले, "इथं तं माझी हाक दुसऱ्या जिल्ह्यात जाईन."

गावाच्या अलीकडे तीन-चार मैलांवर एका आडरस्त्यावर दगडी पूल लागतो. जीपीएसने आम्हाला चुकून तिकडे नेलं, पण गेलात तर मुद्दाम जा. खाली जेमतेम घोटाभर पाण्याचा ओढा, दोन्ही काठांना पिवळी झालेली झाडं. पुलाच्या पाटीवर लिहिलंय की जजसाहेबांनी निवृत्त झाल्यावर हा स्वतःच्या पैशाने बांधून गावाला दिला. बाबांनी पाटी दोनदा वाचली.

"पुस्तकात ह्या पुलाचं नाव नाई," ते म्हणाले.

"राहिलं असेल लिहायचं."

"त्याहीनं घोड्याच्या नालेचा भाव लिवला, बाई. पूल कसा राहीन?"

गाव म्हणजे मधोमध चौक, चौकात नवं कोर्ट, भोवती चार दुकानं, एक चर्च आणि एक डायनर. पार्किंग फुकट. ह्या देशात कोर्टाचं कामकाज कोणालाही बसून बघता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेटल डिटेक्टरमधून जाताना बाबांनी खिशातला जुना पितळी बिल्ला काढून ट्रेमध्ये ठेवला. तो बरोबर आणलाय हे मलाही ठाऊक नव्हतं. तिथल्या धिप्पाड बेलिफने विचारलं हे काय, मी सांगितलं, तर त्याने बाबांशी हात मिळवला आणि पहिल्या बाकावर जागा दिली. आत ट्रॅफिकच्या दंडाची प्रकरणं चालली होती. बेलिफ यादीतली नावं माइकवर वाचत होता.

"लय हळू बोलतो हा," बाबा माझ्या कानात म्हणाले. "झाडाखालच्या माणसाले कसं ऐकू येईन?"

"बाबा, इथे झाडाखाली कोणी नसतं. सगळे गाडीने येतात."

"ज्याच्यापाशी गाडी नाई तो?"

 संध्याकाळी डायनरमध्ये टोमॅटो सूप, ग्रिल्ड चीज आणि भोपळ्याची 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. दोघांचे टिप धरून तीस डॉलर झाले. कॉफी मागावी तितकी मिळते. वाढणारी बाई बाबांना सारखं 'हनी' म्हणत होती, आणि बाबा दरवेळी मान खाली घालून लाजत होते. मोटेल शंभराच्या आत, स्वच्छ. झोपताना बाबा म्हणाले, उद्या त्या दिवसाचा रोजनामा पाहायचा. रोजनामा म्हणजे कोर्टात रोज काय झालं त्याची नोंदवही. पंचवीस-तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस अमेरिकेत येऊन दुसरं काय मागणार, असं वाटून मला हसू आलं.

शुक्रवार

म्युझियम आठवड्यातून तीनच दुपारी उघडं असतं, जाण्याआधी फोन करा. प्रवेश मोफत, दाराशी देणगीची पेटी. लाल विटांची दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर जुनं न्यायदालन जसंच्या तसं ठेवलंय. न्यायाधीशांची उंच खुर्ची, लाकडी कठडा, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. मार्लीन नावाच्या, बाबांच्याच वयाच्या बाई ते सांभाळतात. भारतातून कोणी या खुर्चीसाठी आलंय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग बाबांच्या हातातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि त्या चक्क रडवेल्या झाल्या. "आमच्याकडे याच्या दोनच प्रती आहेत," म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, गावाबाहेर कोणी हे वाचलंच नसेल."

बाबा खिडकीशी गेले. मार्लीननी सांगितलं, पूर्वी पुकारणारा ह्याच खिडकीतून ओरडायचा. बाबांनी काचेवर हात ठेवला. मी फोटो काढला. तो फोटो आता माझ्या फोनच्या स्क्रीनवर आहे.

मग त्यांनी सावकाश, शब्द जुळवत इंग्रजीत विचारलं, "मॅडम, डेली रजिस्टर? हॅना. नाइन चॅप्टर."

मार्लीन म्हणाल्या, जुनी रजिस्टरं तळघरात आहेत, पण ती कोणी कधी मागत नाही. पुस्तकात सुनावणीचा दिवस दिलेला होता, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. अर्ध्या तासात त्यांनी चामड्याच्या पुठ्ठ्याची एक वही टेबलावर उघडली. तपकिरी शाई, तिरपं अक्षर. बाबांनी चष्मा घरून आणलेला, पण मोटेलवर विसरलेला. "वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. हॅनाचं नाव होतं. तीन वेळा पुकारा केल्याची नोंद होती. त्यापुढे हजर नाही, अर्ज खारीज, मुलगी करारानुसार मालकाकडेच राहील. खाली जजसाहेबांची सही. चौथ्या हाकेचा उल्लेख कुठेच नव्हता. मी पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं. हॅना पुन्हा कुठेच आली नाही.

मला ट्यूशन आठवली, मेमो आठवला. "हो बाबा," मी म्हणाले. "चौथ्या हाकेला आली. लिहिलंय तसं."

बाबांनी वही आपल्याकडे ओढली. डोळे अगदी कागदाला भिडवून त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि एका शब्दावर थांबवलं.

"मंग इथं डिसमिस्ड काहून लिवलं?"

कोणत्याही हाताने, कसंही लिहा, तो शब्द बाबांना दिसतोच. जन्मभर तो बघूनच त्यांनी माणसांना घरी पाठवलं होतं.  मार्लीनना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी ओळ वाचली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बाबांच्या शेजारी बसल्या. "आय ॲम सो सॉरी," त्या म्हणाल्या, जणू खारीज त्यांनीच केलं होतं.

डायनरमध्ये त्या संध्याकाळी बाबांनी भोपळ्याच्या त्या गोडाला हात लावला नाही. मी म्हणाले, म्हातारपणी लिहिलं असेल, आठवणीत चूक झाली असेल. बाबा म्हणाले, "असं कोणी विसरत नाई. लेकरू गेलं त्या बाईचं." मग थोड्या वेळाने, "म्हंजे मी खोट्याच्या भरवशावर मेमो खाल्ला. तुही ट्यूशन बंद केली."

मला म्हणायचं होतं, बाबा, मला त्याचं काही वाटत नाही. पण ते खरं नव्हतं, आणि एका दिवसात दोनदा खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी जे खरं होतं तेवढंच बोलले. "मी तेव्हा ओरडले होते, बाबा. तेव्हापासून वाईट वाटतंय मला." त्यांनी माझ्या ताटातला ब्रेडचा तुकडा उचलून खाल्ला. आमच्याकडे याला माफी म्हणतात.

शनिवार

सकाळी बॅगा गाडीत टाकल्या तर बाबा आधीच पुढच्या सीटवर बसलेले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर बिल्ला. "पुलापाशी घे," ते म्हणाले.

रात्रभर त्यांनी विचार केलेला दिसत होता. पुलावर पोचल्यावर कठड्याला धरून ते म्हणाले, "हॅना ह्याच ओढ्याच्या पलीकडं अडकली असन. त्याले मागून समजलं असन. म्हणून पूल बांधला, अन् म्हणून पुस्तकात पुलाचं नाव नाई. पुलाचं लिवलं असतं तं कशासाठी बांधला थे लिवा लागलं असतं."

"म्हणजे त्यांना पश्चात्ताप झाला होता."

"झाला असन. मी त्याले माफ नाई करत, मी कोण? थे हॅनानं करावं."  "पण चौथी हाक मारा लागत होती, हे त्याले समजलं होतं. मारली नाई, लिवली. मी वाचली. मंग मी मारली. माह्या हाकेनं बाया आल्या न? त्या तं खऱ्या होत्या."

"खऱ्या होत्या बाबा. मी पाहिल्यात."

बाबा पुलाच्या मधोमध गेले, पाय जुळवले, पलीकडच्या काठाकडे तोंड केलं. मला वाटलं, नेहमीसारखे चार पुकारे करतील. त्यांनी एक बोट वर केलं. "तीन रजिस्टरात आहेत. एकच बाकी आहे."

आणि त्यांनी हाक मारली. "हॅनाबाई, हाजर हो!"

कित्येक वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. वयाने जरा चिरकलेला, पण तोच. झाडांतून पाखरं उडाली, दूरच्या शेतातलं एक कुत्रं भुंकलं. मी दहावीत असताना त्या आवाजाची मला लाज वाटायची, वर्गापर्यंत ऐकू यायचा म्हणून. आता मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हमसून हमसून रडत होते, आणि एक पिकअपवाला गाडी हळू करून विचारत होता, सगळं ठीक आहे ना. मी मान हलवली. बाबा पुरती पाच मिनिटं तिथे उभे होते. पुकाऱ्यानंतर तेवढा वेळ द्यायचा असतो.

घरी

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. रजिस्टरातली ओळ म्युझियमच्या पाटीवर कशी लिहायची, हे मार्लीन आणि त्यांची मंडळी अजून ठरवतायत. ते त्यांच्या घरचं काम आहे, ते आधी होऊ दे. पण इलिनॉयमध्ये असाल तर कुठल्याही जुन्या कोर्टाच्या गावी जा. दोन रात्री मोटेल, पेट्रोल, जेवणं, सगळं मिळून नायगाराच्या अर्ध्यातही होत नाही. आईवडील बरोबर असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांना काय बघायचंय. आपण फारसं विचारत नाही.

बाबा ठरल्या दिवशी परत गेले. विमानतळावर सामान वजनात बसेना, तेव्हा लोणच्याची बरणी काढावी लागेल म्हणून मी चिडचिड केली. बाबा म्हणाले, बरणी राहू दे, पुस्तक तुझ्या टेबलावर ठेवून आलोय, तेवढं वजन कमीच आहे. मला वाटलं, नाराजीने सोडून गेले.

घरी येऊन मी नववं प्रकरण उघडलं. 'हॅना दारात उभी' या वाक्याशेजारी समासात पेन्सिलने, कोर्टात नकलेवर शेरा मारतात तशा ठळक मराठी अक्षरात बाबांनी लिहिलं होतं:

"रोजनाम्याशी ताडून पाहिले. तफावत आढळली. चौथा पुकारा पुलावर केला. अर्जदार गैरहजर. माझी मुलगी हजर होती."

खाली सही, आणि सहीखाली हुद्दा, पट्टेवाला.